‘घरगुती बाब’: दोन शब्दांचा दीडशे वर्षांचा इतिहास

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हमखास ऐकवले जाणारे एक वाक्य आहे : ‘आजी, ही तुमची घरगुती बाब आहे, घरी जाऊन मिटवा.’ मुलाने मारले, सुनेने दोन दिवस जेवू घातले नाही, पुतण्याने अंगठा घेऊन शेत नावावर करून घेतले, भावाने मनोरुग्ण बहिणीला गोठ्यात बांधून ठेवले. तक्रार कोणतीही असो, उत्तर एकच. फार झाले तर अदखलपात्र नोंद, म्हणजे ‘एनसी’, आणि मुलाला बोलावून चार शिव्या. मग म्हातारी त्याच मुलाच्या मागून चालत त्याच घरात परत जाते.

‘पोलिसांना यात अधिकारच नाही’ हा समज इतका पक्का बसलेला आहे की कार्यकर्तेसुद्धा तो खरा मानून चालतात. आमचे म्हणणे असे की तो खोटा आहे, आणि आजकालचा नव्हे, १८५८ सालापासूनचा खोटा आहे. घरात शिरून दुबळ्या माणसाची विचारपूस करण्याचे कर्तव्य कायद्याने पोलिसांवर तेव्हाच टाकले होते. ते कर्तव्य कागदावर का राहिले आणि त्याच कायद्यातले दुसरे कर्तव्य मात्र तत्परतेने का पाळले गेले, हा खरा इतिहास आहे.

१८५८ च्या ३६ व्या कायद्याने, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांच्या कायद्याने, दरोग्याला दोन कामे सांगितली. पहिले काम, रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या ‘वेड्या’ माणसाला धरून मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचे. दुसरे काम, आपल्या हद्दीत अशा माणसाची देखभाल नीट होत नाही, किंवा नातेवाईक अथवा सांभाळणारे लोक त्याला क्रूरपणे वागवतात, असे कळले तर ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवायचे. पुढे १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्यात हीच जोडी आली, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पुन्हा आली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० आणि १०१ मध्ये आजही आहे. राज्यकर्ते बदलले, वेड्याला ‘मनोरुग्ण’ म्हणू लागले, पण पोलिसांची दोन कामे तीच राहिली.

यातले पहिले काम साहेबाच्या सोयीचे होते. बाजारपेठेत, छावणीच्या रस्त्यावर अर्धनग्न फिरणारा माणूस साहेबाच्या डोळ्यांना खुपत होता, म्हणून तो उचलला जात असे. दुसऱ्या कामात साहेबाला रस नव्हता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ‘नेटिवांच्या’ धर्मात आणि घरात हात न घालण्याचे धोरण जाहीरच केले होते, आणि ते धोरण कोणाच्या फायद्याचे होते हे सांगायला नको. घरातला कर्ता पुरुष आणि गावातला पाटील यांची सत्ता अबाधित राहिली. पोलिसाची नजर उंबरठ्यापर्यंत पोचायची आणि तिथे थांबायची.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. साखळीने बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जण जळून मेले. त्या दिवशी १९८७ चा कायदा लागू होता आणि छळाची माहिती मॅजिस्ट्रेटला देण्याचे कर्तव्य त्यात स्पष्ट लिहिलेले होते. साखळदंड काही त्या रात्री लपूनछपून आणले नव्हते.

आता जरा मागे जाऊ, कारण ‘परावलंबी माणूस’ हा निसर्गाने जसा केला तसा कायद्यानेही केला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून कोणाला वगळायचे याची यादी आहे. त्यात नपुंसक, पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, मंदबुद्धी, मुका ही माणसे येतात. यांना वाटा नाही, फक्त अन्नवस्त्र. डोळ्याने अधू असलेल्या माणसाला आधी जमिनीच्या हक्कातून काढायचे, मग तो भावाच्या ताटातले उष्टे खातो म्हणून त्याला ‘आश्रित’ म्हणायचे, आणि भावाने हात उगारला तर ‘खातो कुणाचे?’ असे विचारायचे. छळाची पहिली पायरी मारहाण नसते, हक्क काढून घेणे ही असते. आजही वृद्धांच्या तक्रारी खोदत गेलो की तळाशी बहुतेक वेळा सातबारा, बक्षीसपत्र किंवा बँकेचे पासबुकच सापडते.

इंग्रजी न्यायालयांनी हा शास्त्रनियम ‘हिंदू कायदा’ म्हणून दीर्घकाळ चालवला. १९२८ साली एका कायद्याने तो बराचसा मोडला, तरी जन्मापासून मनोरुग्ण किंवा मंदबुद्धी असणाऱ्याला तेव्हाही बाहेरच ठेवले. पूर्ण मोडला तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने. कोणत्याही रोगामुळे, दोषामुळे किंवा व्यंगामुळे वारसाहक्क जाणार नाही, असे ते कलम सांगते. त्याच वर्षीच्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० ने वृद्ध किंवा दुर्बल आईवडिलांच्या पोषणाचा हक्क मुलासोबत मुलीवरही बांधला. हे दोन्ही कायदे बाबासाहेबांनी ज्यासाठी रक्त आटवले त्या हिंदू कोड बिलाचे तुकडे आहेत. बिल अडवले गेले, बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि नंतर तेच बिल चार तुकड्यांत मंजूर झाले. आपल्याकडे हिंदू कोड बिलाची चर्चा घटस्फोट आणि मुलींचा वाटा यांवर थांबते. आंधळ्या भावाचा वाटा आणि म्हाताऱ्या आईचा निर्वाह ही त्याच झाडाची फळे आहेत, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

त्यामागे एक भूमिका होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासभेत बाबासाहेबांनी गावाला राज्यघटनेचे एकक मानायला नकार दिला आणि व्यक्तीला एकक मानले याचे समाधान व्यक्त केले. गावाला जे लागू तेच घरालाही लागू होते. राज्यासमोर व्यक्ती उभी असेल तर ‘घरगुती’ नावाचा वेगळा प्रदेश उरत नाही. ठाण्याच्या बाकावरची आजी त्या मुलाची आई म्हणून आलेली नसते, नागरिक म्हणून आलेली असते.

परंतु स्वतंत्र भारताने या नागरिकाशी काय केले? आमच्या मते या विषयातला सर्वांत लाजिरवाणा दस्तऐवज म्हणजे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा. घरातून हाकललेली म्हातारी देवळाच्या, स्टेशनच्या पायरीवर हात पसरते. या कायद्याखाली पोलीस तिला वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ‘भिकारी’ ठरली की किमान १ आणि कमाल ३ वर्षे स्वीकारगृहात डांबता येते. पुन्हापुन्हा सापडली तर १० वर्षे. आणि ती आंधळी, अपंग किंवा कायमची असहाय असेल तर तिला अनिश्चित काळ डांबून ठेवण्याचीही तरतूद आहे. म्हणजे जितकी असहाय, तितकी कैद लांब.

याच्या शेजारी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा ठेवून पाहा. त्याचे कलम २४ ज्येष्ठ नागरिकाला कायमचे टाकून देणाऱ्याला शिक्षा सांगते. जास्तीत जास्त ३ महिने कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जिला टाकले तिला १० वर्षांपर्यंत, ज्याने टाकले त्याला ३ महिने. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भिक्षा कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ज्या मुंबईच्या नावाने हा कायदा ओळखला जातो तिथे तो राहिला.

रस्त्यावरचा माणूस उचलायला पोलीस तयार, घरातला माणूस वाचवायला तयार नाहीत. १८५८ ची जोडी शंभर वर्षांनंतरही तशीच होती.

२००७ च्या कायद्याबद्दल वृत्तपत्रांत ‘श्रावणबाळाची आठवण’ वगैरे छापाचे बरेच लिहून आले. (आपल्या राज्याच्या वृद्ध निवृत्तिवेतन योजनेचे नावही श्रावणबाळ. दरमहा १,५०० रुपये द्यायचे आणि नाव पुराणातल्या मुलाचे. गोष्टीत त्या श्रावणाला बाण कोणी मारला? राजाने.) संस्कारांच्या या भाषेतच खोट आहे. ती प्रश्नाला मुलाच्या चांगल्या-वाईटपणाचा करून टाकते, आणि राज्याला प्रवचनकाराची भूमिका देते. संविधानाचे कलम ४१ वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याची गोष्ट करते आणि त्याची जबाबदारी राज्यावर टाकते. बुद्धाच्या सिगालोवाद सुत्तातही आईवडील आणि मुले यांची कर्तव्ये दोन्ही बाजूंनी सांगितली आहेत, एकतर्फी पायपूजा नाही.

कायद्याचे कौतुक करायचे तेवढे करू. १८९८ च्या फौजदारी संहितेत निर्वाहाचा हक्क फक्त पत्नी आणि मुलांना होता, १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ मध्ये आईवडील आले. १९८७ साली कल्याणच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते असे ठरवले. २००७ च्या कायद्याने वकिलाविना चालणारे न्यायाधिकरण दिले, आणि देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत घेण्याचा मार्ग कलम २३ ने दिला. तो खरोखर उपयोगी आहे. पण कलम २४ पुन्हा वाचा. त्यात ‘टाकून देणे’ गुन्हा आहे. घरात ठेवून मारणे, उपाशी ठेवणे, कोंडणे यांबद्दल त्यात एक अक्षर नाही. शिवाय न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याचे, त्यामुळे पोलिसांना नवा बहाणा मिळाला : ‘प्रांताकडे अर्ज करा.’

दुसरा बहाणा नकळत सर्वोच्च न्यायालयाने पुरवला. १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात पाच न्यायाधीशांच्या पीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. हा निकाल आम्ही सगळेच छातीशी धरतो. पण कोणत्या प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करता येईल याच्या यादीत पहिलेच नाव वैवाहिक आणि कौटुंबिक वादांचे आहे. दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढेच तपासण्यासाठी ती चौकशी आहे, समेट घडवण्यासाठी नाही. ठाण्यात मात्र ती समेटाचीच बैठक होते, आणि त्या बैठकीत मार खाणारी आणि मारणारा एकाच बाकावर बसवले जातात.

मग पोलिसांनी करायचे काय? उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ७ पोलीस अधिकाऱ्याला नेमके सांगते. छळाची तक्रार आली किंवा नुसते कळले, तरी पीडिताला संरक्षण मागण्याच्या हक्काची, हद्दीतल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याची, जवळच्या पुनर्वसन संस्थेची, मोफत विधी साहाय्याची आणि फौजदारी तक्रारीच्या हक्काची माहिती द्यायची. आणि एवढी माहिती दिली म्हणजे दखलपात्र गुन्ह्यात कारवाई करण्याचे कर्तव्य संपत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. कलम ९२ त्याहून धारदार आहे. दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारले तर ६ महिने ते ५ वर्षे कैद. कमाल शिक्षा ५ वर्षांची, म्हणून गुन्हा दखलपात्र. सवलतींसाठी लागणारी ४० टक्क्यांची अट या कलमाला नाही. अंथरुणाला खिळलेल्या, दृष्टी गेलेल्या, कंपवाताने हात चालत नसलेल्या किती वृद्धांच्या तक्रारीत हे कलम लागू शकते, आणि किती ठाणे अंमलदारांना ते ठाऊक आहे?

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे ६० वर्षांवरील व्यक्तीला, स्त्रीला, शारीरिक किंवा मानसिक दिव्यांगाला, तीव्र आजारी माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसाने घरी जायचे असते. आणि घरी गेल्यावर जबाब एकांतात घ्यायचा असतो, मुलगा दारात उभा असताना नाही. बहिऱ्या माणसाचा दुभाषा म्हणून सुनेला बसवायचे नाही. खोलीला कडी बाहेरून आहे का, पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे का, पाठीवर अंथरुणाचे व्रण आहेत का, औषधाची पाकिटे भरलेली आहेत की रिकामी, एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे, हे पाहायला फॉरेन्सिक प्रयोगशाळा लागत नाही. वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, कारण म्हाताऱ्या अंगावरचे काळेनिळे डाग ‘पडली असेल’ म्हणून सहज खपवले जातात. कडी बाहेरून असेल तर तो डांबून ठेवण्याचा दखलपात्र गुन्हा आहे, एनसी नव्हे. पेन्शनचे पैसे परस्पर काढले असतील तर तो विश्वासघात आहे, ‘घरखर्च’ नव्हे. आणि रात्री तिला त्याच घरात सोडायचे की दुसरीकडे, हे तिला विचारून ठरवायचे. बऱ्याच जणी घरीच जायचे म्हणतात. त्यांच्या त्या निर्णयाचाही मान ठेवावा, पण आठवड्याने पुन्हा जाऊन पाहावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठाण्यात ठेवून महिन्यातून एकदा भेट देण्याची गोष्ट २००७ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांतच आहे.

आतापर्यंत घराबद्दल बोललो. पण वृद्ध माणूस दलित असेल तर छळ घरापुरता राहत नाही, चावडीवर येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला आठ वर्षे झाली त्याच सुमारास, चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द गावात सात दलित स्त्री-पुरुषांना करणी केल्याच्या संशयावरून भर चौकात खांबाला बांधून मारले गेले. त्यांत सत्तरीचे लोकही होते. पोलीस आले, अटका झाल्या. पण अशी घटना एका दिवसात घडत नाही. आधी कुजबुज होते, बहिष्कार होतो, दारात लिंबू पडते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद याच आधीच्या दिवसांसाठी आहे. अॅट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने चेटूक केल्याच्या आरोपावरून छळणे हा स्वतंत्र गुन्हा आला.

याच जागी आणखी एक हिशेब मांडावा लागतो. ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षांवरचा. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालात भारतातील दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ आणि उच्च जातींतील स्त्रियांचे ५४.१ दिले होते. हे आयुर्मान नव्हे, मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे, हा फरक आम्हाला ठाऊक आहे. तरीही उसाच्या फडात, वीटभट्टीवर, गटारात राबलेले शरीर पन्नाशीतच अंथरूण धरते आणि कायदा त्याला अजून ‘ज्येष्ठ’ म्हणत नाही, हे कोणत्याही वस्तीत जाऊन पाहता येते. त्यांच्यासाठी २००७ चा कायदा नव्हे, २०१६ चा कायदा उपयोगी. पोलिसांनी वय विचारण्याआधी अवस्था पाहायला हवी.

आमच्यातलेच काही साथी विचारतात, पोलिसांना घरात बोलावता कशाला? ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात आपल्या दहा जणांना गोळ्या घालणारे हेच ना? खैरलांजीत डोळे मिटून बसलेले हेच ना? प्रश्न रास्त आहे. पण पोलिसांचा वस्तीवरचा हात कधीच कमी पडलेला नाही. तरुण पोराला संशयावरून उचलताना त्यांना घरगुती बाब आठवत नाही. ती आठवते फक्त त्याच घरातली म्हातारी दार ठोठावते तेव्हा. आणि आपल्या वस्तीत कोणी आईला मारत नाही असे सोंगही आपण घेऊ नये. निळा झेंडा लावलेल्या घरातही पेन्शनच्या तारखेला भांडण होते.

आंबेडकरी चळवळीने या अविश्वासावर एक उत्तर काढून दाखवले आहे. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकालाच ६ महिने ते १ वर्ष कैद सांगते, आणि २०१५ च्या दुरुस्तीने गुन्हा न नोंदवणे, जबाब वाचून न दाखवणे अशा कसुरी नावानिशी त्यात आल्या. २००७ च्या कायद्यात असे कलम नाही. २०१६ च्या कायद्यातही तक्रार न घेणाऱ्या फौजदाराला अशी नेमकी शिक्षा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याचे दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले होते. प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा नेमलेला अधिकारी, जिल्ह्यात उपअधीक्षकाखाली विशेष पथक, आणि टाकून देण्यासोबत छळही गुन्हा, अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. कसूर करणाऱ्या पोलिसाला शिक्षा त्यातही नव्हती. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. नवे विधेयक येईल तेव्हा कलम ४ ची ही मागणी आपल्या संघटनांनी पहिल्या दिवसापासून लावून धरली पाहिजे, कारण ते कलम कसे चालवायचे याचा अनुभव आपल्याइतका कोणाकडे नाही.

तोवर अर्ज लिहिताना एक पथ्य पाळावे. ‘घरगुती वाद’, ‘कौटुंबिक त्रास’ हे शब्द अर्जात येऊ देऊ नयेत. काय घडले तेवढे तारीख-वारासह लिहावे : कोंडले, अन्न-पाणी दिले नाही, पैसे काढले, अंगठा घेतला. पोच घ्यावी. ठाण्याने नोंद घेतली नाही तर संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी, कारण पुढे मॅजिस्ट्रेटकडे जाताना तीच लागते.